बार नको म्हणालात, कारण मात्र सांगितलं नाहीत

प्रिय मांय,

तुम्हाला दिलेला शब्द मी मोडला. तुमच्या लेकाला, दामूला, सगळं सांगून टाकलं. तुम्ही असतात तर समोर येऊन सांगितलं असतं आणि तुम्ही जे बोलला असतात ते खाली मान घालून ऐकून घेतलं असतं. आता तेही राहिलं. म्हणून दुपारची गिऱ्हाइकं गेल्यावर शटर अर्धं ओढून गल्ल्यापाशी लिहायला बसले आहे. दामू आत भांडी घासतो आहे. मी काय लिहिते ते त्याला माहीत आहे.

तुमचं वर्षश्राद्ध करून आम्ही गोव्याहून, पाळीच्या घरून पुण्याला परत आलो आणि त्याच आठवड्यात नंदूशेटचा फोन आला. तोच नंदूशेट, म्हापशाचा, पुण्यात हॉटेलं काढून मोठा झालेला, ज्याच्या पुढ्यातून तुम्ही एकदा उठून गेला होतात. मोठ्या रस्त्यावर कोपऱ्याची जागा रिकामी होते आहे, बारच्या परवान्यासकट, असं तो म्हणाला. जागा त्याची, चालवायची आम्ही. आमचं गल्लीतलं भाजीपावचं दुकान बंद करायचं आणि तिथं गोव्याचं हॉटेल कम बार उघडायचं. पुन्हा तेच सगळं!

दामूनं फोन खाली ठेवला. कितीतरी महिन्यांनी त्याचा चेहरा उजळलेला दिसला. मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "मांय आता नाही. आता अडवणारं कोण आहे?"

मी हातभर अंतरावर उभी होते. अडवणाऱ्यांत माझी गणतीच नव्हती!

त्याला तरी दोष कसा देऊ? खाणी बंद पडल्या, खाणीचा माल वाहणारे आपले दोन्ही टिप्पर अंगणात प्लास्टिक पांघरून उभे राहिले, दामूचे बाबा गेल्यावर कसाबसा चाललेला रस्त्याकडचा बारसुद्धा ड्रायव्हर नसल्यामुळे मिटला. तेव्हा पहिल्यांदा नंदूशेटनंच हात दिला होता. "दामू, पुण्याला ये, हॉटेल घालूया." तुम्हालाही जागा बघायला आणलं होतं आम्ही. आठवतं ना? नंदूशेटच्या ऑफिसात तो सजावटवाला चित्रं दाखवत होता. भिंतीला होडी, छताला जाळं, कोपऱ्यात गिटार. यादीत विंदालू, सोरपोतेल, असलं आपल्या घरात कधी न शिजलेलं. तुम्ही चष्मा पुसून ती होडी बघितलीत आणि म्हणालात, "आमच्या पाळीक दर्या खंय आसा रे? आमकां दारांतल्यान मातीचो ढीग दिसता."

मी पेडण्याची, केरीच्या बाजूची, समुद्राजवळ वाढलेली, मला हसू फुटलं. नंदूशेटही हसला. म्हणाला, "आये, लोकांना गोवा म्हटलं की हेच पाहिजे असतं. मातीचा ढीग बघायला कोण येणार?"

मग तुम्ही विचारलंत, "बार आसतलो थंय?"

"आता काय! गोव्याचं हॉटेल आणि बार नाही? लोक हसतील मला."

 पिशवी उचललीत, पदर सारखा केलात आणि बाहेर गेलात. आम्हाला वाटलं, बाथरूमला. थोड्या वेळानं मी बघायला गेले तर तुम्ही नाही! जिन्यात नाही, खाली दुकानांपाशी नाही.  तुम्हाला पुण्यातलं एक नाव माहीत नाही, फोन जवळ नाही, रस्ता ओलांडायला तुम्ही साखळीच्या बाजारातसुद्धा माझा हात धरायच्या. दामू रिक्षा करून एका बाजूला, मी चालत दुसऱ्या बाजूला. प्रत्येक पांढऱ्या अंबाड्याच्या बाईला मी पुढे जाऊन बघत होते. दामूचा फोन आला तेव्हा मला आधी त्याचा नुसता श्वास ऐकू आला.  मग म्हणाला, "मिळाली. स्वारगेटला."

लोकांना विचारत विचारत गोव्याची गाडी लागते तिथं जाऊन बसला होतात!

दामू तेव्हा तुमच्यावर ओरडला. चारचौघांत. मी त्याला तसा कधी बघितला नव्हता. "बाबांच्या बारावर वाढलो आम्ही! माझं शिक्षण, ताईचं लग्न, तुझ्या बांगड्या, सगळं त्या बारातून आलं. तेव्हा नाही लाज वाटली?"

"तेन्नाचें वेगळें," तुम्ही म्हणालात.

"काय वेगळं? सांग ना!"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. फक्त क्षणभर. त्या नजरेनं मला गप्प केलंत आणि त्याला म्हणालात, "बार घालशी तर हांव तुज्या घरांत पाय दवरचें ना. माका गाडयेंत बसय."

त्यानं खरंच बसवलं. तुम्ही खिडकीतून त्याच्याकडे न बघता गेलात, आणि नंदूशेटला त्यानं त्याच संध्याकाळी नाही म्हणून कळवलं. का, ते त्याला स्वतःलाच समजलं नव्हतं. आईनं हट्ट केला, एवढंच. कारण न कळता ऐकायला लागलं की माणूस ऐकतो, पण आतून कडू होतो. तुमचा लेक तसाच झाला, मांय. ते तुम्हाला पाळीला बसून दिसलं नाही. मला रोज दिसत होतं.

मग ही गल्लीतली जागा मिळाली. काय विकायचं, यावर पुन्हा डोकेफोड. थाळी करावी तर दोघं माणसं पुरणार नाहीत. मासे करावेत तर वरचा मालक म्हणाला, वास चालणार नाही. शेवटी तुम्हीच फोनवर सुचवलंत, "साखळेंत सकाळीं मेळटा तशी भाजीपाव घाल मगो." तसं घातलं. पातळभाजी, अळसांद्यांची, म्हणजे इथल्या भाषेत चवळीची, उसळ, मिरचीभजी, केळ्याचे गोड बन. कडक पावासाठी किती बेकऱ्या फिरलो! आपले उंडे इथं कोण भाजणार? एका इराण्याकडच्या ब्रुन पावावर भागवलं. गिऱ्हाईक येतं, बसतं, यादी बघतं आणि विचारतं, "मिसळ नाही का?" दुसरं विचारतं, "गोव्याचं ना? मग मासे कुठायत?" दामू त्यांना रोज समजावतो की आमच्या गोव्यात सकाळी लोक हेच खातात. ते मान हलवतात आणि समोरच्या मिसळीच्या दुकानात जातात.

म्हणून म्हणते, नंदूशेटचा फोन आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला, त्याचं मला नवल वाटलं नाही.

करार घेऊन नंदूशेट शुक्रवारी येणार होता. गुरुवारभर दामू नवी यादी करत होता. जेवणाचं एक पान, दारूचं एक पान. मयुरी कॉलेजातून आली, तिला त्यानं दाखवलं. ती म्हणाली, "पप्पा, संध्याकाळी मी बसेन काउंटरवर, मला इंग्लिश बोलता येतं." तो खूश झाला. मी कांदे चिरत होते. माझी सुरी थांबली.

तुम्ही जे झाकून ठेवायला सांगितलं होतं, ते मला तेव्हा दिसायला लागलं. आपल्या पाळीच्या बारातलं ते लांब बाकडं. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दामू टिप्परचं इंजिन करायला बेळगावला गेला होता. आणि बाळा, सावंतवाडीकडचा तो पोरगेला ड्रायव्हर, ज्याला दामूनंच शब्द टाकून ट्रकवर लावलं होतं, दुपारी जेवायला आला. मी त्याला ताट नेऊन दिलं. बाबांनी त्याला पेला भरून दिला. मग दुसरा. तो म्हणाला होता, "मामा, अजून खेप आसा माझी." बाबा हसून म्हणाले, "अरे, ताच्यानच गाडी बरी चलता." सगळेच तसं म्हणायचे तेव्हा. सगळेच प्यायचे आणि सगळेच चालवायचे.

त्याचा ट्रक वळणावरून खाली गेला. गावात सांगितलं गेलं, झोप लागली.

आणि मग ती आली. बाळाची आई. तेरावंही झालं नव्हतं. बाबा कुठंतरी गेले होते, बारात आपण दोघीच. ती त्या बाकड्यावर बसली. पाणी दिलं ते तिनं बाजूला ठेवलं आणि तुम्हाला विचारलं, "माझो झील शेवटाक हय जेवलो म्हणतत. काय जेवलो?"

तुम्ही तिच्यासमोर जमिनीवर बसलात. म्हणालात, "शीत आनी बांगड्यांचें हुमण. परत भात मागून घेतलो."

"पोटभर जेवलो मां?"

"पोटभर जेवलो, बाये."

तिनं डोळे पुसले, तुमचे हात धरले, आणि गेली. ती गेल्यावर तुम्ही मला आत नेलंत, मयुरी पोटात होती, त्या पोटावर माझाच हात ठेवलात आणि म्हणालात, "दामूक हें केन्नाच कळता नये. बापायक ताच्या दोळ्यांनी ल्हान करूं नाका. उतर दी." मी शब्द दिला. वयानं लहान होते, भ्यालेली होते, आणि तुमचे हात थंडगार होते.

त्यानंतर तुम्ही बारात पाय ठेवला नाहीत. स्वयंपाकघरातून ताटं द्यायच्या, पण उंबरा ओलांडायच्या नाहीत. बाबांना वाटायचं तुमचे गुडघे दुखतात!

इतकी वर्षं सांभाळलं मी ते, मांय. बाबा गेले तेव्हा दामू लहान मुलासारखा रडत होता, तेव्हाही. तुम्ही गेलात तेव्हाही. पण माझी मुलगी त्या काउंटरवर बसून कोणाला तरी दुसरा पेला देणार आणि तो माणूस किल्ल्या खिशात वाजवत गाडीकडे जाणार, हे मला चालणार नव्हतं. तुम्हाला चाललं नाही, तर मला कसं चालावं?

शुक्रवारी दुपारी मयुरी घरी नव्हती. मी हात धुतले आणि त्याच्यासमोर बसले.

"दामू, मांय बार नको का म्हणायची, ते मला माहीत आहे."

तो यादीवरच बघत होता. "हट्ट."

"नव्हे. बाळामुळे."

आता त्यानं वर बघितलं. "कोण बाळा?"

"आपला बाळा. त्याला झोप नव्हती लागली."

मी सगळं सांगितलं. एकही गोष्ट हातची राखली नाही. बाबांचं हसून बोललेलं वाक्यसुद्धा. मध्ये थांबले नाही, कारण थांबले असते तर पुन्हा सुरू झालं नसतं. तो आधी म्हणाला, "खोटं." मग म्हणाला, "तुला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, "मीच ताट नेलं होतं रे." त्यानं हातातली यादी उलटी ठेवली. आणि बोलला ते मी कधी मनातही आणलं नव्हतं.

"मी गेलो होतो त्यांच्या घरी. बेळगावहून आल्यावर. तिच्या पायाशी बसून मी म्हटलं, 'काकी, डुलकी लागली गो ताका.' मी म्हटलं, सुषमा! माझ्या तोंडानं!"

बाबा लहान होऊ नयेत म्हणून तुम्ही त्याला काही सांगितलं नाहीत. पण खोटं बोलायला तोच गेला. हे तुमच्या लक्षात आलं होतं का? हे मी तुम्हाला रागानं विचारत नाही. रागानंच विचारते आहे, थोडंसं.

तेवढ्यात नंदूशेट आलाच. हसत, पेढे घेऊन. टेबलावर कागद पसरले, पेन काढून दामूच्या पुढ्यात ठेवलं. दामूचे डोळे लाल. नंदूशेटला वाटलं, नवरा-बायकोचं भांडण. "वहिनी, त्याला पाणी द्या. सह्या करून मोकळे होऊया."

मी पाणी आणलं नाही. उभी राहिले. दामू पेनाकडे बघत होता, आणि मला खरंच कळत नव्हतं, तो काय करेल. बापावरच्या रागानं बायकोवर उलटतात माणसं. आईवरच्या रागानं सहीसुद्धा करतात.

"शेट," तो म्हणाला, "बार नको."

"काय म्हणतोस?"

"हॉटेल घालू. मासे घालू. सुषमा पेडण्याची आहे, तिच्यासारखं हुमण तुमच्या एकाही हॉटेलात होत नाही. नुसतं जेवण ठेवू. दारू नको."

नंदूशेटनं माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. वाईट माणूस नाही तो. समजावणीच्या सुरात म्हणाला, "दामू, त्या जागेचं भाडं जेवणावर निघत नाही. दोन वेळा तुला बोलावलं. तिसऱ्यांदा नाही बोलावणार मी."

"बरं," दामू म्हणाला.

"आई गेली ना तुझी? मग आता कोणासाठी?"

 दामूनं कागद गोळा करून नंदूशेटच्या हातात दिले. पेढे तसेच राहिले टेबलावर.

वाटलं होतं, मोकळं वाटेल. तसं झालं नाही. पुढचे कितीतरी दिवस दामू माझ्याशी बोलला नाही. कामाचं तेवढं. भाजी झाली का, पाव किती. मी रात्री जवळ गेले तर म्हणाला, "तिनं तुला सांगितलं. मला नाही. मी तिचा लेक ना?"  याचं उत्तर तुमच्याकडे असलं तर तुमच्याजवळच ठेवलंत तुम्ही.

गल्ल्यामागे बाबांचा फोटो आहे. रोज सकाळी तो त्याला हार घालायचा. ते बंद झालं. फोटो काढलाही नाही, हारही नाही. मयुरीनं विचारलं, "पप्पा आजोबांवर रागावलेत?" मी काय सांगू?

आणि मग एका सकाळी तो मला न विचारता सावंतवाडीच्या गाडीत बसला. मी दुकान एकटीनं चालवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. पाय धुतले, चहा घेतला, आणि माझ्याशेजारी बसून सगळं सांगितलं.

बाळाची आई आहे अजून, मांय. थकली आहे, नीट दिसत नाही. यानं आपलं नाव सांगितलं तर तिनं आवाजावरून ओळखलं. हा तिच्या पायाशी बसला, तसाच, आणि म्हणाला, "काकी, मी तेव्हा खोटं बोललो. मला माहीत नव्हतं, पण खोटं होतं." आणि बाबांनी काय केलं ते सांगितलं.

ती म्हणाली, "माका ठाऊक आसा रे. मीच न्हाणयलंय त्याका. दारूचो वास येय होतो."

यावर हा म्हणाला, "मग आमच्याकडे येऊन तू फक्त जेवणाचंच विचारलंस?"

"तेचाच इचारूचा होता. बाकीचा इचारून काय तो परत येतलो होतो?"

पहिल्या दिवसापासून माहीत होतं तिला! तुम्ही जन्मभर उंबरा ओलांडला नाहीत, मी जन्मभर तोंड उघडलं नाही, दामू कडू झाला, आणि ज्या बाईपासून लपवायचं होतं तिनं स्वतःच्या हातांनी मुलाला न्हाऊ घातलं होतं. हे ऐकलं तेव्हा मी तुमच्या नावानं मोठ्यानं रडले, मांय. बाजूच्या टेलरनं येऊन विचारलं, काय झालं म्हणून.

निघताना तिनं दामूला विचारलं, "पुण्यात हाटेल घातलंस म्हणतत. काय इकतंस?"

"भाजीपाव," तो म्हणाला. "आणि आता मासे ठेवणार आहे."

ठेवणार आहे, हे त्यानं तिथंच ठरवलं होतं. मला न विचारता! वरच्या मालकाला मीच भेटले, भांडले, शेवटी तो म्हणाला, दुपारचे मासे करा, संध्याकाळी नाही, आणि मागची खिडकी बंद ठेवा. आज पाचवा दिवस. बांगड्याचं हुमण, सुंगटांचं सुकं (पाटीवर कोळंबी लिहावं लागतं), सोलकढी. पहिल्या दिवशी अर्धं उरलं, ते आम्ही आणि टेलरनं खाल्लं. आज उरलं नाही. समोरच्या मिसळवाल्याचा एक पोऱ्या जेवून गेला आणि मालकाला सांगू नका म्हणाला.

चालेल की नाही, सांगता येत नाही. कोपऱ्यावरच्या त्या जागेत आता दुसऱ्या कोणीतरी बार उघडला आहे, बाहेर लाकडी होडी लावली आहे. रात्री त्याच्यासमोर गाड्यांची रांग लागते. दामू तिकडे बघतो आणि शटर ओढून घेतो. माझ्याशी आता बोलतो. काल भात वाढताना म्हणाला, "मीठ जरा कमी आहे आज." मला किती बरं वाटलं ते तुम्हाला कळेल.

बाबांच्या फोटोला आज सकाळी त्यानं हार घातला नाही. मी घातला. त्यानं बघितलं आणि हार तसाच राहू दिला.

रविवारी मयुरीला सुट्टी आहे. तिला समोर बसवून मी सगळं सांगणार आहे. तिच्या आजोबांचं, बाळाचं, त्याच्या आईचं, तुमचं आणि माझं. दामू म्हणाला, मीही बसतो. तुम्हाला दिलेला शब्द मोडला, म्हणून त्याच्या जागी दुसरा देते: या घरातली कुठलीही बाई यापुढे दुसऱ्या बाईचा हात धरून तिला गप्प राहायला सांगणार नाही. मी मयुरीला सांगणार नाही, तिनं तिच्या सुनेला सांगायचं नाही. एवढा शब्द मात्र मी पाळीन, मांय. हा तुम्ही मागितलेला नाही, तरीही.

दामू आतून हाक मारतो आहे. संध्याकाळच्या भज्यांचं पीठ भिजवायचं आहे.

तुमच्यावर रागावलेली आणि तुमचीच,
सुषमा